डबा मानोऱ्यात, मेळावा हिंजवडीत

हिंजवडीत शनिवारी सकाळी एखाद्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चाळीस-पन्नास माणसं जमलेली दिसली, लॅपटॉपचा मूळ रंग कळू नये इतके त्यावर स्टिकर, समोर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि तासभर कोणीच हसत नाही, तर घाबरू नका. कोणी वारलेलं नाही. एम्बेडेडवाल्यांचा, म्हणजे यंत्रांच्या पोटातल्या चिपा चालवणाऱ्यांचा, आणि लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणाऱ्यांचा मेळावा चालू आहे. ते त्याला मीटअप म्हणतात. एक जण उठून सांगतो की बोर्ड बूट होत नव्हता. मग तो का होत नव्हता हे पाऊण तास सांगतो. शेवटी बोर्ड बूट होतो, टाळ्या पडतात, पिझ्झा येतो.

चेष्टा थोडी, हेवा जास्त. महाराष्ट्रात दीपप्रज्वलन नसलेली, प्रमुख पाहुण्यांसाठी दीड तास न खोळंबणारी एवढीच एक सभा उरली असावी. पुण्याला ही सवय जुनी आहे. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे 'प्लग', मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत वर्षानुवर्षं जमत आला. 'ग्नुनिफाय' नावाचा उत्सवही तिथलाच. फुकट शिकवायचं, फुकट शिकायचं. पुण्यात फुकट म्हटल्यावर गर्दी होणारच, असं म्हणणाऱ्यांनी आधी तिथले विषय ऐकून दाखवावेत.

त्या गर्दीत जरा कान द्या. इंटरप्ट, डिव्हाइस ट्री, कर्नल पॅनिक यांच्या मधूनच एखादं 'काऊन नाही होत बे?' ऐकू येतं. पोरगा दिग्रसचा, कारंज्याचा, नाहीतर वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या मानोऱ्याचा. इंजिनिअरिंग पुसदला, बडनेऱ्याला, शेगावला, जिथे नंबर लागला तिथे. मग रात्रीची ट्रॅव्हल्स, पुणे, आणि सहा महिने 'सी-डॅक'. म्हणजे एम्बेडेडचा डीईएसडी डिप्लोमा: दिवसा वर्ग, रात्री लॅब, उरलेल्या वेळात कॉट बेसिसवर झोप. आता तो जर्मनीतल्या गाडीचा ब्रेक किती मिलिसेकंदांत लागावा हे ठरवतो. गावात त्याची ओळख एकच, 'कम्प्युटरमधी आहे'. दिवाळीला आला की शेजारी बंद पडलेला प्रिंटर घेऊन दारात.

वऱ्हाडाचा या धंद्याशी संबंध आजचा नाही. हीच सी-डॅक संस्था 1988 मध्ये पुण्यात उभी राहिली, 1991 मध्ये तिथून परम 8000 हा महासंगणक निघाला, आणि ते काम उभं करणारे विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. मूर्तिजापूर मानोऱ्याहून काही फार लांब नाही. शकुंतला रेल्वे चालू असती तर कारंज्याला बसून, वाटेत उतरून चहा पिऊन, पुन्हा तीच गाडी पकडूनही पोचता आलं असतं.

मानोरा गावाला रेल्वे आली नाही, लिनक्स मात्र आला. फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवल्ड्सने 1991 च्या ऑगस्टमध्ये जगाला कळवलं होतं की छंद म्हणून काहीतरी करतोय, फार मोठं होणार नाही. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी त्याचाच कर्नल आहे. म्हणजे तालुक्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेत जेवढे फोन, तेवढे लिनक्स. आणि जिथे लिनक्स मावत नाही तिथेही एखादी छोटी चिप बसलेली आहेच. विजेच्या मीटरमध्ये, वजनकाट्यात, मोटरच्या स्टार्टरमध्ये. तालुक्याचा कारभार आता तहसीलदार कमी आणि हे डबे जास्त चालवतात. डब्यांना निदान बदलीची भीती नाही.

रेशनच्या दुकानातलं अंगठा घेणारं ई-पॉस मशीन घ्या. 'थम लागून नाही राह्यला' हे वाक्य या भागात 'पाऊस नाही' इतकं रुळलं आहे. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचण्यात ज्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिलाच मशीन ओळख विचारतं. दोष बोटाचा आहे, काचेचा आहे, नेटवर्कचा आहे की मुंबई-दिल्लीतल्या यंत्रणेचा, हे मशीन सांगत नाही. दुकानदाराकडे सगळ्यावर एकच उत्तर असतं, 'सर्व्हर डाऊन'. त्याचीही चूक नाही. त्याला तेवढंच शिकवलं आहे. हिंजवडीतला पोरगा मात्र जाणतो की डब्यात कुठेतरी नोंद होत असते, नेमकं काय फसलं त्याची. ती नोंद वाचायची सोय दुकानात नाही. आजी पिशवी घेऊन उद्या परत येते.

पावसाचं तर विचारूच नका. महावेध प्रकल्पात 2017 पासून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, राज्यभरात दोन हजारांवर. पाऊस मोजायला अशा केंद्रात सहसा एक छोटी डोलती बादली असते. नळकांड्यातून पाणी आलं की ती भरते, कलंडते, कलंडली की आत एक खटका पडतो, आणि चिप तो खटका मोजते. एवढंच. त्या खटक्यांची बेरीज 24 तासांत 65 मिलिमीटर झाली तर मंडळात अतिवृष्टी. 64.5 झाली तर नुसता पाऊस. आता हिशेब करा. नळकांड्याचं तोंड 20 सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 31 मिलिलिटर पाणी. 65 मिलिमीटर म्हणजे दोन लिटरच्या जरा वर. यंत्र उभं आहे तिथे रिमझिम आणि दोन कोसांवर नाल्याचं पाणी तुरीत, असं झालं तरी कागदावर खरं तेच, जे त्या नळकांड्यात पडलं. पानं अडकून तोंड तुंबलं असेल, तर ढगाने फुटून उपयोग नाही.

सोयाबीनच्या ओलाव्याचं मशीन याहून सरस. ते ओलावा मोजतच नाही. दाण्यांत वीज कितपत साठते हे मोजतं, तापमानाची दुरुस्ती करतं आणि पोटातल्या तक्त्यावरून टक्का काढून दाखवतं. तक्ता कोणत्या वाणावर, कोणत्या साली बनवला, हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. तो आकडा 12 च्या आत असेल तरच हमीभावाने खरेदी, असा नियम. 2024 च्या नोव्हेंबरात, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, केंद्र सरकारने ती मर्यादा 15 वर नेली. सोयाबीन वाळायला ऊन लागतं, नियम वाळायला मतदान लागतं.

सरसकट सगळ्यांना झोडपणं मात्र बरं नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' बनवलं, ते बांधावर जाऊनच. वीज रात्रीची, विहीर लांब, वाटेत साप आणि रानडुकरं. मग मोटरला मोबाईलवरूनच विचारायचं, वीज आली का, आणि आली असेल तर चालू करायची. 2009 मध्ये नोकियाने त्याला जागतिक बक्षीस दिलं. यात रॉकेट उडवण्याची विद्या नव्हती. रात्री दोन वाजता कोण उठतं, एवढंच कोणीतरी आधी विचारलं होतं.

मेळाव्यातल्या लोकांची एक रीत मात्र आपल्या तालुक्यात उचलून आणावी अशी आहे. कर्नलमध्ये एक ओळ जरी बदलायची, तरी खाली स्वतःचं नाव घालून सही करावी लागते. 2004 पासूनचा दंडक आहे. आणि पुढे काही बिघडलं, तर एका आज्ञेत कळतं की ही ओळ कोणी आणि कधी घातली. त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम'. मानोरा-दिग्रस रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यावर ही आज्ञा चालवता आली तर काय होईल याची कल्पना करून पाहा. आपल्याकडे कामाचा फलक लागतो खरा, पण पहिल्या पावसात डांबराच्या आधी तोच वाहून जातो.

दुसरी रीत, तिथे वशिला चालत नाही. कर्नलमधल्या चुका शोधायला मदत करणारं केजीडीबी नावाचं अवजार पुण्याच्या अमित काळे यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. टॉरवल्ड्सला असली अवजारं पसंत नव्हती. त्याचं म्हणणं, माणसाने डोकं लावून वाचावं. अखेर 2008 मध्ये केजीडीबी मुख्य कर्नलमध्ये गेलं, आणि त्याच्या मुख्य फाइलच्या डोक्यावर आजही काळे हे नाव आहे. वेळेची हमी देणाऱ्या 'रिअल-टाइम' जोडकामाला तर वीस वर्षं लागली. 2024 च्या सप्टेंबरात व्हिएन्नामध्ये ते टॉरवल्ड्सच्या हाती सोनेरी कागदात गुंडाळून दिलं, तेव्हा कुठे आत घेतलं. वीस वर्षांत आपल्याकडे सिंचन प्रकल्पाची तिसरी सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, होते आणि तिचा सत्कारही उरकतो. फरक इतकाच की तिथे शेवटी काम चालू होतं. बाकी कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. इथे जिल्हा परिषदा नि पालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या ताब्यात राहिल्या, ते सोडून द्या.

तर मुद्दा असा. डबे मानोऱ्यात आहेत, डब्यांतली विद्या जाणणारी मानोऱ्याची पोरं हिंजवडीत आहेत, आणि दोघांची गाठ फक्त दिवाळीला पडते, तीही प्रिंटरवरून. म्हणून पुढचा मेळावा मानोऱ्यात घ्या. जागेची सबब सांगू नका. रामनवमीला पोहरादेवीला तांड्यातांड्यांवरून लाखो माणसं येतात, जेवतात, राहतात आणि परत जातात. चाळीस इंजिनिअर ही काही तालुक्यावर आपत्ती नव्हे.

काय होईल तेही माहीत आहे. आधी फलक लागेल, त्यावर सतरा नेत्यांचे फोटो आणि 'एम्बेडेड' हा शब्द चुकीचा. शाल-श्रीफळ होईल. पाहुणे म्हणतील, 'या एम्बेसीच्या पोरांचा आम्हाला अभिमान आहे'. मग वीज जाईल आणि बोर्ड बूट का होत नाही, या प्रश्नाचं उत्तर प्रथमच दोन शब्दांत मिळेल. होऊ द्या. तिसऱ्या तासाला खरं काम सुरू होईल. सोयाबीनच्या एकाच पोत्यातला नमुना चार व्यापाऱ्यांच्या चार मशीनमध्ये घाला आणि चार आकडे फळ्यावर लिहा. त्या फळ्यापुढे पंधरा मिनिटं बसायला व्यापाऱ्यांनाही बोलवा. पाऊस मोजणाऱ्या यंत्राचा तर घरगुती पडताळा आहे. बाटलीला सुईएवढं भोक पाडा, मोजून पाणी भरा, थेंब थेंब नळकांड्यात सोडा आणि बादली किती वेळा कलंडली ते मोजा. यंत्राचा आकडा आणि बाटलीचा आकडा जुळला तर कंपनीचं जाहीर अभिनंदन. नाही जुळला तर कृषी अधिकाऱ्यांना बाटली भेट. अर्थात केंद्राला हात लावण्याआधी परवानगी घ्या. इथे अतिवृष्टीचा गुन्हा सिद्ध होत नाही, पण यंत्राला हात लावल्याचा लगेच होतो.

आणि रेशन दुकानदारांना पहिल्या रांगेत बसवा, कारण त्यांच्या कामाची गोष्ट या इंजिनिअर मंडळींच्या खिशात पडून आहे. लिनक्सचा परवाना जीपीएल, दुसरी आवृत्ती, जून 1991 ची. कर्नलने तो 1992 मध्ये घेतला. त्यात लिहिलं आहे की लिनक्स घातलेलं यंत्र कोणाला दिलं, तर कर्नलचा मूळ कोड सोबत द्या, नाहीतर तो देऊ असं लेखी वचन द्या. ते वचन किमान तीन वर्षं पाळायचं, आणि ते कोणत्याही तिसऱ्या माणसासाठी असतं. घेता येईल तो फक्त प्रत काढून पाठवण्याचा खर्च. आपला माहितीचा अधिकार देशात 2005 मध्ये आला. हा त्याच्याहून चौदा वर्षं थोरला, आणि यात 'माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' असं उत्तर देण्याची सोय ठेवलेली नाही. वरचं अ‍ॅप कंपनीचं असतं, ते मिळणार नाही. ओलाव्याच्या मशीनमध्ये लिनक्स नसतो, तिथे हा परवाना लंगडा; त्यासाठी निविदेतच एक ओळ घालावी लागेल, आणि ती ओळ कोणी घालू दिली नाही याची चौकशी करावी लागेल. पण अँड्रॉइडवर किंवा लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक सरकारी डब्याचा तळ मागून घेता येतो.

तेव्हा दुकानदारहो, ई-पॉसचं खोकं फेकलं नसेल तर त्यातली कागदपत्रं काढा आणि ते लेखी वचन शोधा. सापडलं नाही तर पुरवठादार कंपनीला पत्र टाका, आणि हिंजवडीतल्या आपल्या पोराला फोन करून मजकूर सांगायला लावा. प्रिंटर नंतर बघेल. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं. परवान्यात भाषेची अट नाही.