कापूस चालत नाही म्हणे!

"वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर या जरा भिंतीकडं. आमच्या भाच्याचं नवं खूळ ऐकलं का?"

"हैदराबादचा? लग्नाला नाही म्हणाला?"

"तेवढंच असतं तर बरं होतं! उत्तर ध्रुवावर मॅरेथॉन पळायची म्हणतो. बर्फावर, 42 किलोमीटर."

"अगं आई! म्हणजे आपल्या भैंशापासून जवळजवळ निर्मलपर्यंत की हो."

"पण सरळ नाही पळत. चारेक किलोमीटरचा फेरा आखतात, अन् त्याच्याच दहा चकरा. खाली जमीनच नाही ना! बर्फ समुद्रावर तरंगतंय. सहा ते बारा फूट जाड, त्याच्याखाली बारा हजार फूट पाणी. आपण पळतोय अन् ते बर्फ आपलं सरकतच राहतंय. 2016 साली तर विमान उतरायच्या पट्टीलाच तडे गेले, शर्यत लांबली."

"थंडी किती असंल?"

"शून्याच्या खाली तीस. वरून वारं."

"बाई गं. इथं पारा सहा-सातावर आला की आमच्या घरी कुणी माकडटोपी काढत नाही. नावाला जिल्हा निर्मल झाला, पण थंडी आपली अजून आदिलाबादचीच."

"हाव ना. मी म्हटलं, बाबा, दोन जाड सुती बनियन घाल आतून, आपल्या जिनिंगच्या गावची आठवण म्हणून. तर हसतो. म्हणे मावशी, कापूस चालत नाही."

"भैंशात बसून कापसाला नावं ठेवतो?"

"तेच म्हटलं मी! पण त्याचं म्हणणं पटलं बघा. पळताना थंडीत घाम येतोच. सुती कपडा तो घाम पिऊन घेतो अन् ओलाच राहतो. पळतोय तोवर ठीक. जरा दमून चालायला लागलं की अंगातली ऊब कमी होते, अन् ओला कपडा उरलीसुरली ऊबही ओढून घेतो. म्हणून आत लोकरीचं नाहीतर कृत्रिम धाग्याचं, वर वारं अडवणारं. घाम फुटंल इतकं जोरात पळायचं नाही, गारठंल इतकं हळू चालायचं नाही. गॉगलला श्वासाची वाफ बसली की तीसुद्धा गोठते. तंबू असतो गरम, तिथं जाऊन हातमोजे बदलायचे."

"हे सगळं पहिल्यांदा सुचलं कुणाला?"

"आयर्लंडचा रिचर्ड डोनोव्हन. 2002 मध्ये तिथं एकटाच पळाला. दुसऱ्या वर्षापासून शर्यतच सुरू केली त्यानं. एकटा पळून पहिला आला, त्यात काय मोठं, असं आमचे हे म्हणतात."

"आपल्या लोकांपैकी गेलंय का कुणी तिकडं?"

"पळायला कोण गेलं ते ठाऊक नाही, पण उडी मारायला गेली की! पुण्याची शीतल महाजन. 2004 च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर पॅराशूटनं उतरली, उणे 37 मध्ये. अन् ती तिची आयुष्यातली पहिलीच उडी! अन् लांब कशाला, शेजारच्या निजामाबादची मालावत पूर्णा घ्या. तेराव्या वर्षी एव्हरेस्ट चढली, 2019 ला अंटार्क्टिकातलं व्हिन्सन शिखरही केलं. शेतमजुराची पोर."

"मग ह्याला काय अडचण?"

"पैसा. कित्येक लाखांचा खर्च आहे. शर्यतीपेक्षा तिथं नेण्या-आणण्याचेच ते पैसे. माझ्या मते एवढ्या पैशात पायच काय, घरही पळतं. मी म्हटलं, लडाखला जा. पँगाँग सरोवर गोठलं की त्यावर पळतात. 2023 च्या फेब्रुवारीत 21 किलोमीटरची शर्यत झाली, 13 हजार 862 फुटांवर. गिनीजमध्ये नोंद आहे. बर्फ वितळत चाललंय हे लोकांना कळावं म्हणून तिला 'लास्ट रन' नाव दिलं होतं."

"मानलं का त्यानं?"

"हाव. आता सुट्टीत आलाय तर रोज पहाटे गड्डेन्ना प्रोजेक्टच्या कट्ट्यावर पळतोय."

"अहो, पण तिथली कुत्री!"

"ध्रुवावर पांढऱ्या अस्वलांसाठी बंदूकवाले उभे करतात म्हणे. मी आमच्या ह्यांना काठी देऊन पाठवते. शुगर उतरली हो त्यांची. भाऊजींनाही पाठवता का उद्यापासून? काठी आहे जास्तीची."