तीन सेंट, दोन ट्रॅश

मार्क क्रिस्पिन यांनी 1986च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये आयमॅप या ईमेलच्या नियमावलीची आखणी केली, तेव्हा हेतू सरळ होता. पत्रं सर्व्हरवरच राहावीत आणि माणसाने कुठूनही येऊन वाचावीत. पुढे नियम वाढले, पुस्तिका जाड झाल्या, पण इतक्या नियमांत नाव पक्कं ठरलेला फोल्डर एकच निघाला: इनबॉक्स. तो कॅपिटलमध्ये लिहा की स्मॉलमध्ये, सर्व्हर ओळखतो. पाठवलेलं पत्र कुठे ठेवायचं, अर्धवट लिहिलेलं कुठे, टाकून दिलेलं कुठे, यावर नियमावली पंचवीसेक वर्षं गप्प होती. त्या मौनाचा हिशेब चुकता करतो तो जिल्ह्याच्या गावातल्या कुठल्याही कॉलेजातला सिस्टिमवाला.

हा गृहस्थ नेमणुकीने बहुधा लॅब असिस्टंट असतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याने ओढायचा, सभागृहातला माइक त्याने लावायचा आणि उरलेल्या वेळात मेल सर्व्हरही त्यानेच सांभाळायचा.

त्याची पहिली गाठ पडते प्राचार्यांशी. "अहो, विद्यापीठाला काल पत्र पाठवलं, ते सेंटमध्ये दिसत नाही. गेलं की नाही?" पत्र गेलेलं असतं. पण पत्र पोचवणारी यंत्रणा वेगळी आणि प्रत ठेवणारी वेगळी. एसएमटीपी पत्र नेऊन देतं आणि हात झटकतं. प्रत हवी असेल तर मेलच्या प्रोग्रॅमने तेच पत्र आयमॅपमार्फत पुन्हा सर्व्हरवर चढवायचं. ते कोणत्या फोल्डरात चढवायचं, हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवलं. थंडरबर्डने 'सेंट', आउटलुकने 'सेंट आयटम्स', ॲपलच्या मेलने 'सेंट मेसेजेस'. प्राचार्य ऑफिसात आउटलुक वापरतात, प्रवासात आयफोन आणि घरी वेबमेल. एकाच घरात तीन चुली, आणि कालचं पत्र नेमकं फोनच्या चुलीवर.

यावर उपाय वेबमेलच्या सेटिंगमध्ये असतो. स्क्विरलमेल हे 1999पासूनचं वेबमेल अनेक जुन्या सर्व्हरांवर वर्षानुवर्षं नांदलं. त्याचं सेटिंग करायचं ते काळ्या पडद्यावरच्या मेनूतून. तिथे तिसऱ्या क्रमांकावर फोल्डरांचं प्रकरण आहे. ट्रॅशचं नाव काय, सेंटचं काय, ड्राफ्टचं काय, खास फोल्डर आपोआप बनवायचे का, यादीत ते सर्वांत वर दाखवायचे का? लग्नाच्या यादीवर बसलेल्या मामांसारखा तो मेनू एकेक मुद्दा उकरून काढतो. आणि या सगळ्याच्या आधी पहिलाच प्रश्न: फोल्डरांच्या नावाआधी काय लावायचं?

कुरिअर नावाच्या सर्व्हरला प्रत्येक फोल्डर इनबॉक्सच्या पोटीच जन्मलेला लागतो. नावाआधी 'इनबॉक्स' आणि ठिपका नसेल, तर तो नवा फोल्डर बनवूच देत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जुन्या सर्व्हरसाठी 'मेल' आणि तिरकी रेघ लावायची, डव्हकॉट या सर्व्हरसाठी ती जागा कोरी सोडायची. स्क्विरलमेलच्या कर्त्यांना ही भानगड ठाऊक असल्यामुळे मेनूत 'डी' दाबायची सोय आहे. आपला सर्व्हर कोणता ते सांगा, बाकीचे रकाने तो भरतो. पण कॉलेजचा सर्व्हर कोणता, हे माहीत असलेला माणूस बहुधा पुण्याला नोकरी लागून गेलेला असतो.

मग येतो ठिपका. कुरिअरमध्ये, आणि डव्हकॉटच्या नेहमीच्या मांडणीतही, ठिपका म्हणजे फोल्डर आणि उपफोल्डर यांच्यातला उंबरठा. इंग्रजी नावांना याचा फारसा त्रास होत नाही, पण मराठी कारभार ठिपक्यांवरच चालतो. कोणी 'बी.ए', 'बी.कॉम' आणि 'बी.एस्सी' असे तीन फोल्डर करायला जातं. वेबमेल शहाणं असेल तर ठिपका दिसताच नाव नाकारतं. नाव तसंच्या तसं सर्व्हरपर्यंत पोचलं, तर 'बी' नावाचा एक फोल्डर उभा राहतो आणि त्याच्या पोटात 'ए', 'कॉम' आणि 'एस्सी' ही तीन भावंडं. विद्यापीठाच्या मान्यतेविना तिन्ही शाखांचं एकत्रीकरण. मराठी विभागाने 'पु.ल.देशपांडे' असा फोल्डर मागितला, तर देशपांडे 'ल'च्या आत, 'ल' 'पु'च्या आत.

डव्हकॉटमध्ये साठवणीची मांडणी बदलून ठिपक्याऐवजी तिरकी रेघ घेता येते. सिस्टिमवाला तेही करतो. बी.ए. सुटतं, पु.ल. सुटतात. मग आवक-जावक विभाग 'जा.क्र.' लिहून पुढे तिरकी रेघ, मग आकडा, मग पुन्हा तिरकी रेघ, मग साल, असा फोल्डर मागतो.

नाव देवनागरीत असेल तर आणखी एक मौज. आयमॅपच्या जुन्या नियमांत इंग्रजीबाहेरचं नाव एका खास सांकेतिक रूपात पाठवावं लागतं. पडद्यावर 'परीक्षा' दिसतं, पण सर्व्हरच्या डिस्कवर बहुधा '&' चिन्हापासून सुरू होणारी रोमन अक्षरांची लडी असते. बॅकअपमधून 'परीक्षा' फोल्डर शोधायचा, तर 'पगार', 'पत्रे', 'परिपत्रके' या सगळ्यांची सुरुवात सारखीच दिसते.

अखेर मार्च 2011मध्ये आयमॅपला खास फोल्डरांची पुरवणी मिळाली. फोल्डरचं नाव काहीही असो, सर्व्हरने त्यावर 'हा सेंट', 'हा ट्रॅश', 'हा ड्राफ्ट' अशी खूण करावी आणि प्रोग्रॅमने ती मानावी. भांडण मिटायला हवं होतं. पण डव्हकॉटसोबत येणारी नमुना सेटिंगची फाइल उघडली की त्यात 'सेंट' आणि 'सेंट मेसेजेस' या दोघांवरही सेंटचीच खूण सापडते. शेजारच्या टिपेचा आशय असा की ही दोन्ही नावं चलनात आहेत, जोडी झालीच तर वापरणारा सहसा त्यातलं एक काढून टाकतो. ही टीप लिहिणाऱ्याने आपल्याकडचे प्राचार्य पाहिलेले नसावेत. ते दोन्ही ठेवतात आणि तिसरा मागतात.

पेटी भरल्यावरचा प्रसंग तर ठरलेलाच. ज्याचा कोटा संपला, त्याला सांगायचं की जुने मेल डिलीट करा. तो डिलीट दाबतो आणि उत्तर येतं, जागा नाही. कारण पूर्वापार पद्धतीत मेल ट्रॅशमध्ये टाकायचा म्हणजे आधी तिथे त्याची प्रत काढायची, मग मूळ पुसायचं, आणि प्रतीला जागा कुठून आणायची? म्हणून डव्हकॉटमध्ये ट्रॅशला कोट्याच्या वर थोडी जास्तीची जागा देण्याची सोय आहे. राउंडक्यूब या वेबमेलात तर 'ट्रॅशमध्ये हलवणं जमलं नाही, तर थेट पुसून टाका' असा पर्याय ठेवलेला आहे.

लेखापाल भाऊसाहेबांना मात्र यातलं काही नको असतं. ऑडिटचे सगळे मेल ते ट्रॅशमध्येच ठेवतात. "बाकी सगळीकडे साहेब बघतात हो, तिथं कोणी बघत नाही." इकडे सिस्टिमवाल्याने डव्हकॉटला सांगून ठेवलेलं असतं की ट्रॅशमध्ये तीस दिवसांहून जुनं काही दिसलं की पुसून टाक. तो घाईघाईने ही अडचण समजावतो. भाऊसाहेब क्षणभर विचार करून म्हणतात, "मग ट्रॅशच्या आत 'अतिमहत्त्वाचे' असा फोल्डर काढून द्या."

सिस्टिमवाला हसतो, पण मॅन्युअल उघडल्यावर गप्प होतो. ट्रॅशला लावलेला तो नियम त्याच्या उपफोल्डरांना आपोआप लागू होत नाही, त्यासाठी वेगळं लिहावं लागतं. भाऊसाहेबांची योजना चोख असते. एकच धोका उरतो. स्क्विरलमेलमध्ये ट्रॅशच्या नावाशेजारी 'पर्ज' अशी बारीक लिंक असते. ती दाबली की ट्रॅश तर रिकामा होतोच, त्याचे उपफोल्डरही जातात. भाऊसाहेबांना ती लिंक म्हणजे कसली तरी जाहिरात वाटते, आणि जाहिरातीवर क्लिक करायचं नाही हा त्यांचा नेम आहे. सिस्टिमवाल्याने त्यांचा हा गैरसमज तूर्त दूर करायचा नाही असं ठरवलं आहे, निदान मार्चअखेर होईपर्यंत तरी.