हमीभाव रोपवाल्याचा

गुळवेल सहजी मरत नाही. तोडून कुंपणावर फेका, जगतो. बुंध्यापासून छाटा, वर लटकलेला वेल सुतळीसारखी मुळं खाली सोडतो आणि पुन्हा जमीन गाठतो. युरिया मागत नाही, फवारणी मागत नाही, बांधावरच्या कडुनिंबावर भाडं न देता राहतो. लंकेच्या युद्धानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं आणि थेंब जिथे सांडले तिथे गुळवेल उगवला, अशी कथा आहे. एकरी रोपं किती आणि दोन ओळींत अंतर किती, हे सांगायचं इंद्राच्या ध्यानात राहिलं नाही. ते काम आता मोटारसायकलवरून येणारा एक तरुण करतो.

त्याच्याकडे गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक असतं आणि पहिला प्रश्न पाठ असतो. "काका, सोयाबीनला यंदा काय भाव मिळाला?" काका खाली बघतात. अर्धा सौदा तिथेच होतो.

उरलेला अर्धा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. रोपं आमच्याकडूनच घ्यायची, माल आम्हीच उचलणार. करार नीट वाचला तर गंमत कळते. रोपांच्या कलमात दर आहे, नग आहेत, रक्कम आहे, आगाऊ भरायची तारीख आहे. माल उचलण्याच्या कलमात 'बाजारभावाप्रमाणे' आहे आणि 'कंपनीच्या प्रतवारीनुसार' आहे. एका कलमात सगळे आकडे, दुसऱ्यात नुसता विश्वास. आणि तो बाजारभाव बघायचा कुठे? बाजार समितीच्या फलकावर कांदा असतो, तूर असते, हरभरा असतो. तिथे गुळवेल शोधायला गेलेला माणूस चहा पिऊन परत येतो.

आपण आपलं गणित करू. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या लागवड-माहितीत हेक्टरी सुमारे 2,500 फाटे आणि साधारण दोन वर्षांनी 1,500 किलो ओला माल असं धरलेलं आहे. तो वाळला की उरतो 300 किलो. आता भाव. केंद्र सरकारने मे 2020मध्ये गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमती वाढवल्या, तेव्हा गुळवेल किलोला 21 रुपयांवरून 40वर गेला. हा भाव जंगलातून गोळा केलेल्या मालासाठी, शेतातल्या मालाला तो बांधील नाही. पण आपण उदार होऊन तोच लावू. 300 गुणिले 40 म्हणजे 12,000 रुपये. हेक्टरी. दोन वर्षांचे. एकराला 4,800. महिन्याला 200. एवढ्यात मोबाइलचं रिचार्जही जेमतेम होतं, आणि रोपवाल्याला फोन लावायला ते लागणारच आहे.

खर्चाची बाजू. एकरी हजार रोपं, रोप समजा 15 रुपयांना, झाले 15,000. शिवाय वेल म्हटलं की आधार आला: खांब, तार, मजुरी. गंमत म्हणजे रोप विकत घ्यायचं कारणच नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, दोन-तीन डोळ्यांचा फाटा पावसाच्या तोंडावर ओल्या जमिनीत खोचला की काम झालं. गावातली कुठलीही आजी हे फुकट सांगेल. पण आजीकडे रंगीत पत्रक नाही.

आणि कडुनिंबावर चढलेला गुळवेल सर्वांत गुणी, असं वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पत्रकावर म्हणून कडुनिंबाचं चित्र. शेतात सिमेंटचा खांब.

मला विचाराल तर या पिकाचा खरा शत्रू ना कीड आहे ना रोग. शेतातल्या गुळवेलाची स्पर्धा रानातल्या गुळवेलाशी आहे, आणि रानातल्याला ना जमिनीचा खंड, ना तार, ना रोपाचं बिल. जो माल कुणीतरी नुसता कापून, वाळवून आणून देतो, त्याचा भाव कापण्या-वाळवण्याच्या मजुरीभोवतीच घुटमळणार. शेतकरी त्यात आपला लागवडीचा खर्च मिसळून उभा राहिला की खरेदीदार चष्मा वर करून बघतो.

सरकारने तर हे गणित जाहीरपणेच मांडून दाखवलं होतं. 15 मे 2020ला अर्थमंत्र्यांनी औषधी वनस्पतींसाठी 4,000 कोटी रुपये जाहीर केले. दोन वर्षांत 10 लाख हेक्टरवर लागवड आणि शेतकऱ्यांना 5,000 कोटींचं उत्पन्न! टाळ्या. मग कुणीतरी भागाकार करायला हवा होता. हेक्टरी 50,000. म्हणजे एकरी 20,000, तेही उत्पन्न, नफा नव्हे. कोटींत बोललं की एकर दिसत नाही, ही अर्थसंकल्पी भाषेची जुनी सोय.

करोनाने मागणी वाढवली होती, हे खरं. घरोघर काढा उकळत होता, सोसायटीच्या कंपाउंडवरचे वेलही लोकांनी सोलून नेले. मग 2021मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं ठरवलं, आणि गुळवेलासारखेच दिसणारे दुसरे वेल लोक घेत असावेत असाही खुलासा आला. वाद विद्वानांचा. पण भीतीपोटी वाढलेली मागणी दुसऱ्या भीतीने बसते. दोन वर्षांनी तयार होणारं पीक त्या भरवशावर लावणाऱ्याने कुठल्या वर्षीची भीती धरायची?

पैसे कुणी कमावलेच नाहीत का? कमावले. ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून 350 टन गुळवेलाची, 1 कोटी 57 लाखांची मागणी मिळाली. किलोला पडले सुमारे 45 रुपये. एकही रोप विकत न घेता. गोळा करणारे हात बरेच, विकणारा एक, आणि कंपनीचा आकडा कागदावर. तेवढाच माल शेतात पिकवायचा तर मंडळाच्या हिशेबाने साडेअकराशे हेक्टर दोन वर्षं अडवावी लागतील. या यशोगाथेची बातमी पत्रकवाल्याने आपल्या पत्रकावर छापली असेल तर नवल नाही. खाली त्याचा मोबाइल नंबर.

एवढं सगळं सांगितलं की एखादे तज्ज्ञ घसा साफ करतात: "कच्चा माल विकूच नका, प्रक्रिया करा, सत्त्व काढा." काढा ना. ओला वेल कुटा, पाण्यात कालवा, गाळा, रात्रभर निवळू द्या, तळाचा पांढरा साका वाळवा. मग त्यावर औषध म्हणून लेबल लावायला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना काढा. दोन एकरांच्या सोयाबीनला कंटाळलेल्या माणसाला कारखानदार व्हायचा सल्ला द्यायला काही लागत नाही. व्याख्यानाचं मानधन मिळतं ते वेगळं.

सफेद मुसळीच्या लागवडीची लाट आठवते? इमूपालनाची आठवते? तेव्हाही रोपं आणि पिल्लं विकणाऱ्यांचं पीक कधी बुडालं नाही. त्यांना पाऊस लागत नाही, प्रतवारी लागत नाही, पीक विमा तर नाहीच नाही.

तेव्हा काका, पत्रक ठेवून घ्या, चहाही पाजा. करार नंतर. आधी एवढंच म्हणा, "हे बघ बाळा, रोपं उधार दे. दोन वर्षांनी माल उचलायला येशील तेव्हा त्याच पैशांतून वळते करून घे." बघा मग. बशीतला चहा तसाच सोडून त्याला पुढच्या गावची मीटिंग आठवेल.