खिशातली दुबई

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आडत असलेल्या माणसाला ‘फोन कमी वापर’ म्हणणं म्हणजे गवळ्याला म्हशीकडे बघू नको म्हणण्यासारखं आहे. 2023 च्या जुलैत 20 किलोच्या क्रेटनं 2000 रुपये ओलांडले, तेव्हापासून माझा अंगठा स्क्रीनला चिकटला. पुढे भाव उतरला, अंगठा उतरला नाही. भाव बघायला फोन उघडायचा आणि अर्ध्या तासानं इस्तंबूलचा आइस्क्रीमवाला गिऱ्हाइकाला कसा छळतो, ते बघत बसायचं.

गाळ्यावर एकट्यानं दुपारची जुहर पढताना खिशात फोन थरथरला, की रकाती तीन झाल्या का चार, तेच कळेना. अशा चुकीला शेवटी दोन जादा सजद्यांची तरतूद आहे, सजदा-ए-सहव. ती विसरणाऱ्यांसाठी आहे. मी ती रोजच्या वापरात घेतली.

अब्बा म्हणाले, “पाचही नमाजा मशिदीत जमातीनं पढ, फोन आपोआप सुटेल.” सल्ला नामी होता. नमाजेआधीच्या वजूत हात कोपरापर्यंत भिजतात, आणि ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. पण साधा उपाय साधेपणानं केला तर शिकल्याचा उपयोग काय? फोन सोडवण्यासाठी मी फोनमध्येच तीन ॲप घेतले: अजानचा, किब्ल्याचा आणि तसबीह मोजायचा.

किब्ला म्हणजे काब्याची दिशा, आणि काबा आपल्याला पश्चिमेकडे, हे जुन्नरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी मी फोन धरून खोलीभर गरगर फिरलो. लोखंडी कपाटाजवळ होकायंत्र भरकटलं आणि किब्ला थेट न्हाणीघराकडे निघाला. तसबीहचं तेच. 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अलहम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. आजी हे बोटांच्या पेरांवर मोजायची. मी विसापर्यंत पोचलो की वरून पट्टी सरकायची, ‘आज आवक वाढली’. पुढचं कोण मोजणार?

खरा घात शुक्रवारी, जुम्याला झाला. फोन मेहुण्यानं दुबईहून आणलेला. बॅटरी वाचावी म्हणून अजानच्या ॲपला ठिकाण बघायची परवानगी मी दिली नव्हती, त्यामुळे तो मनानं दुबईतच राहिला. तिथली घड्याळं आपल्यामागे दीड तास. म्हणजे त्यांची जुहर सुरू होते, तेव्हा आमच्या मशिदीत खुतबा, म्हणजे प्रवचन, रंगात आलेला असतो. फोन सायलेंटवर होता, पण हा ॲप सायलेंटला जुमानत नाही; याच गुणावर भाळून मी तो घेतला होता. पहिल्या ओळीत, माझ्या कुडत्याच्या खिशातून, दुबईची अजान सुरू झाली.

खुतब्यात बोलायचं नसतं. शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणंसुद्धा वायफळ बोलण्यात जमा, अशी हदीस आहे. त्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही. सगळी मशीद नुसती बघत राहिली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. घाबरून बटण दाबलं, ते आवाज वाढवायचं निघालं. अजान एवढी लांब असते हे तोवर मला माहीत नव्हतं.

आपल्या खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. आकाशातून येणारे क्षीण संकेत टिपायचे, तर मोबाइलची लुडबुड चालत नाही. म्हणून पाहुण्यांना तिथं फोन बंद ठेवायला सांगतात. त्यासाठी शास्त्रज्ञांनी ॲप घेतल्याचं ऐकिवात नाही.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीतच मुक्काम करतात, तो इतिकाफ. यंदा बसतो, असं मी घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, “बसा की. चार्जर मात्र इथंच राहील.” मी विचार पुढच्या वर्षावर ढकलला.

सध्या नमाजेला निघताना फोन तिच्या हवाली करतो. तेव्हा शेतकरी बंधूंनो, शुक्रवारी एक ते अडीच मला फोन करू नका. फोन ती उचलते, आणि क्रेटचा भाव तिच्या मनाला येईल तो सांगते.