बांधापलीकडचा चॅम्पियन

भांडायला माणसाने केव्हा यावं, याचं शास्त्र त्या पोराइतकं कुणालाच ठाऊक नाही. आपल्याजवळचं औषध संपलेलं असतं, सहापैकी चार प्राणी मूर्च्छित पडलेले असतात, पोकेमॉन सेंटर मागे राहिलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच हा समोरून येतो. आला की आधी दोन टोमणे, मग सामना. नाही म्हणायची सोय नाही, बाजूने निघून जायची सोय नाही. ज्याची माढ्यात बांधाला बांध लागून जमीन आहे, त्याला यात नवीन काहीच वाटणार नाही.

पिकाचू कोण, हे सांगत बसत नाही. ते आता माढ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी ज्याच्याविषयी बोलतोय तो तेवढा नावाजलेला नाही. 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानात पोकेमॉन मालिकेचे पहिले खेळ आले. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक खेळात नायकाच्या वाटेत पुन्हा पुन्हा आडवा येणारा एक प्रतिस्पर्धी असतो. त्यातला हा मूळपुरुष. इंग्रजी खेळात तो ब्लू, कार्टूनमध्ये गॅरी, आणि जपानी कार्टूनमध्ये शिगेरू. खेळाचे जनक सातोशी ताजिरी. त्यांनी नायकाला स्वतःचं नाव दिलं आणि प्रतिस्पर्ध्याला शिगेरू मियामोतो यांचं, ज्यांना ते गुरुस्थानी मानत. गुरूचं नाव वैऱ्याला! आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर गुरुपौर्णिमेला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

माझ्या मोबाइलवर हा खेळ भाच्याने घातला. मे महिन्याच्या सुट्टीत आला होता. खेळाचं नाव फायररेड. 1996 च्याच खेळाची 2004 मध्ये रंगरंगोटी करून काढलेली आवृत्ती. देताना म्हणाला, “मामा, तुम्हाला नाही जमायचं, यात डोकं लागतं.” एके काळी बुद्धिबळात माझं तालुकाभर नाव होतं. म्हणजे मीच ते घेत असे. पण नाव होतं. त्यामुळे भाचा पुण्याला गेला तरी खेळ राहिला. शेतीची लाइट रात्रीची असली की केळीला पाणी द्यायला रानात जावं लागतं, मोटर चालू करून वाफा भरेपर्यंत बांधावर बसावं लागतं. त्या वेळेत माझ्यासारख्या बुद्धिमान माणसाने करायचं काय? बायकोने एकदा विचारलं, “अहो, पाण्याला जाताय का पोकेमॉनला?” मी उत्तर दिलं नाही. बुद्धिबळपटू शांत असतात.

आता इथे मला प्रोफेसर ओक यांच्याविषयी थोडं बोलायचं आहे. थोडं म्हणजे मनसोक्त.

खेळ सुरू झाला की पहिल्यांदा हे गृहस्थ येतात. आडनाव वाचून मी सावरून बसलो. ओक! म्हणजे मूळचे कोकणातले, आता पुण्यात; स्वतःच्या मालकीचं घर, घराला लागून प्रयोगशाळा, अंगात पांढरा डगला, आणि दारात आलेल्या पोराला चहा विचारायची पद्धत नाही. नंतर कळलं की हे तिकडचे आहेत. पण वागणं बघता माझा संशय पुरता गेलेला नाही. यांची सारी हयात पोकेमॉनच्या अभ्यासात गेली. जगातल्या दीडशे प्राण्यांचा कोश करायचा, हे यांचं स्वप्न. कोशाचं यंत्र तयार आहे, आत पाटी कोरी. आणि तो भरायचा कुणी? तर शेजारच्या पोराने, उन्हातान्हात, गवतातून पायी हिंडून. स्वतः का जात नाहीत? तर वय झालं. पण तरुणपणी आपण मोठे ट्रेनर होतो, हे सांगायला विसरत नाहीत. बरं, पोराला भत्ता? प्राणी पकडायचे पाच रिकामे चेंडू. तेही केव्हा, तर आधी पलीकडच्या गावच्या दुकानातून स्वतःचं पार्सल त्याच्याकडून आणवून घेतल्यावर! मी कोश करणारी मंडळी जवळून पाहिलेली नाहीत; पण पीएचडी करणारा एक पाहुणा आहे, त्याला ही हकिकत सांगितली तर त्याचे डोळे भरून आले.

हेही एक वेळ सोडून देऊ. संशोधक माणूस, चालायचंच. पण हे ओक नंतर एका पोराचं चित्र दाखवतात आणि सांगतात की हा माझा नातू, तुम्ही दोघं रांगत होतात तेव्हापासून तुमची चुरस आहे; आणि मग डोकं खाजवून आपल्यालाच विचारतात की याचं नाव काय बरं?

सख्खा नातू. घर हाकेच्या अंतरावर. आणि दीडशे प्राण्यांची नावं तोंडपाठ!

नाव आपण टाकायचं असतं. इंग्रजी लिपीत, जास्तीत जास्त सात अक्षरं. माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते माझ्या चुलतभावाचं. पण ते लांबलचक, देवाचं नाव. सातात बसेना, आणि देवाला मधेच तोडणं बरं दिसत नाही. म्हणून मी व्यापक विचार केला आणि ‘भावकी’ असं टाकलं. सहात बसलं, एक शिल्लक राहिलं. तेव्हापासून खेळात वाक्यं येऊ लागली, की भावकी तुमच्याशी लढू इच्छिते, भावकीने आपला प्राणी बाहेर काढला. वाचून माझं मन भरून यायचं.

पहिला प्राणी निवडताना तीन पर्याय असतात. मी शेतकऱ्याचा पोर. पाठीवर हिरवा कंद घेऊन फिरणारा बल्बसोर घेतला. भावकी थांबली होतीच. तिने शेपटीला जाळ असलेला चारमँडर उचलला. हा त्या पोराचा नियम: आपण जे घेऊ त्याला मारक असेल तेच घ्यायचं. गवत घेतलं की आग, आग घेतली की पाणी, पाणी घेतलं की गवत. माझ्या चुलतभावाने हा खेळ कधी पाहिलेला नाही, पण नियम त्याला उपजत येतो. मी बोअर घ्यायचा विचार केला की त्याचं पाणी लागून झालेलं असायचं. ठिबक त्याचं आधी, ट्रॅक्टर त्याचा आधी, डाळिंब त्याचं आधी. तेल्या रोगही त्याच्याच बागेत आधी आला, तेव्हा मी एक दिवस खूश होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या बागेत ठिपके दिसले. सीना-माढा उपसा सिंचनाचं पाणी येईपर्यंत आमच्या बांधाला कुणी विचारत नव्हतं. पाणी आलं आणि वीतभर मातीला भाव आला, मोजणीचे अर्ज निघाले. त्यानंतर आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं.

खेळातली भावकी मात्र बोलायची थांबत नाही. सेरुलियन गावच्या पुलाआधी भेटते, जहाजावर कप्तानाकडे जाणाऱ्या जिन्याशी भेटते. दर वेळी आपल्या आधी तिथे पोचलेली, दर वेळी आपल्यापेक्षा चार जास्त गोष्टी ठाऊक असलेली. मी हरायचो, परत यायचो, जिंकायचो, आणि रानात एकटाच “आता कसं?” म्हणायचो. पन्नाशीच्या माणसाने दहा-अकरा वर्षांच्या चित्रातल्या पोराला हरवून मिशीवर हात फिरवणं बरोबर नाही, हे मला कळत होतं. पण अंधारात बघतंय कोण?

मग लॅव्हेंडर नावाचं गाव येतं. तिथे मेलेल्या पोकेमॉनसाठी बांधलेला एक मनोरा आहे, मजल्यामजल्यावर थडगी. दुसऱ्या मजल्यावर हा पोरगा उभा. आपल्याला बघताच म्हणतो की तू इथे कशाला, तुझे प्राणी तर मेलेले दिसत नाहीत. लगेच सामना. जहाजावर त्याच्याजवळ रॅटिकेट नावाचा एक मोठा उंदीर होता. या मनोऱ्यात तो नाही, आणि पुढे कधीच दिसत नाही. खेळ यावर अवाक्षर बोलत नाही. खेळणाऱ्या पोरांनी मात्र वर्षानुवर्षं तर्क लढवला आहे की तो मेला असावा आणि हा त्यालाच पुरायला आला असावा. खरं-खोटं बनवणाऱ्यांना ठाऊक. भाच्याने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मोटर चालू होती, वाफा भरून पाणी वाटेवर आलं, तरी मी बसून होतो.

2013 च्या दुष्काळात आमची जनावरं छावणीत होती. माझ्या दोन गाई आणि एक कालवड, पलीकडच्या दावणीला चुलतभावाची खिल्लार जोडी. ती जोडी त्याने पोटच्या पोरागत वाढवलेली. बेंदराला शिंगांना रंग लावायचा तर दुसऱ्या कुणाला ब्रश धरू द्यायचा नाही. एका सकाळी मी पेंड घ्यायला गेलो तर त्याच्या दावणीला एकच बैल. खुंटा मोकळा, दावं नीट गुंडाळून त्यावर ठेवलेलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझ्या गाई लई गुटगुटीत दिसायल्यात रं. छावणीची पेंड सगळी तूच उचलतोस काय?” मीही त्याला लागेल असं काहीतरी बोललो. बैलाचं त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुःख झालं की भावकी टोमणा मारते. दुसरी भाषा तिला कुणी शिकवलेलीच नाही.

असो. शेवटचा सामना. पोकेमॉन लीगचे चार दिग्गज हरवून दार उघडावं तर आत नवा चॅम्पियन म्हणून भावकी बसलेली! आपल्या थोडी आधी पोचली आणि गादी घेतली. पिजिओट, अलाकाझम, रायडॉन, आणि शेवटी तो चारमँडर मोठा होऊन झालेला चॅरिझार्ड. माझा हिरवा गडी त्याच्यापुढे दर वेळी जळून जायचा. आमच्या भागात जळीत उसाला कारखाना कपात लावून का होईना, पैसे देतो. इथे उलट आपलेच पैसे कापले जातात. मी हट्टाने पुन्हा पुन्हा त्यालाच पाठवत होतो. बुद्धिबळात याला निष्ठा म्हणत असतील.

एका रात्री असाच हरत बसलो असताना पाठीमागून बॅटरीचा उजेड पडला. चुलतभाऊ. त्याचीही लाइट रात्रीचीच. किती वेळ उभा होता कोण जाणे. म्हणाला, “आगीवर गवत काय टाकायलास लका? पाणी सोड की!”

माझ्याजवळ लाप्रास होता, पाण्यातला, सिल्फ कंपनीच्या इमारतीत फुकट मिळालेला. मी त्याला कधी बाहेर काढलंच नव्हतं. फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा भरवसा नसतो. काढला, पाणी सोडलं, चॅरिझार्ड आडवा. चुलतभाऊ बांधावर टेकला आणि पडद्यावरचं इंग्रजी अक्षर-अक्षर लावत म्हणाला, “भा-व-की... हे काय लिवलंय?”

“जपानी नाव आहे,” मी म्हणालो.

“आसं होय,” तो म्हणाला, आणि त्याच्या मोटरकडे गेला.

तो गेल्यावर पुढचा भाग आला, तो मला अजून पचलेला नाही. हरलेला पोरगा उभा असतो, आणि धापा टाकत प्रोफेसर ओक येतात. तीन-चार पावलांवर स्वतःचा नातू, काही क्षणांपूर्वी जगातला पहिला आलेला. त्याच्या पाठीवर हात नाही, पाण्याचा पेला नाही. आधी माझं अभिनंदन, माझ्या प्राण्यांचं कौतुक. मग त्याच्याकडे वळून सुनावतात की तू का हरलास ठाऊक आहे? प्राण्यांवर माया करायला, विश्वास टाकायला विसरलास. मायेविषयी कोण बोलतंय, तर ज्याला नातवाचं नाव आठवत नाही! आणि मला घेऊन ते आतल्या दालनात निघून जातात. पोरगा तिथेच.

आमच्या तात्यांनी, म्हणजे आजोबांनी, दहावीच्या निकालाच्या दिवशी माढेश्वरीच्या देवळासमोर अख्ख्या गावादेखत पेढा माझ्या तोंडात घातला होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या नातवाला सांगितलं होतं, “याच्याकडं बघून शिक.” पेढा कंदी होता, गोड होता. मोजणीचा अर्ज त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला; पण आमचा बांध त्या दिवशी पडला असावा, असा माझा अंदाज आहे. म्हाताऱ्यांना वाटतं आपण पोरांना ईर्षा देतो. पोरांना मिळतो तो आयुष्यभराचा शेजारी, ज्याच्याशी नीट बोलता येत नाही.

पुढच्या खेळांत हा पोरगा चांगला सावरला. 1999 च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तो व्हिरिडियन गावच्या जिमचा प्रमुख आहे. म्हणजे घरापासून पुढच्याच गावात बदली करून घेतली म्हणायची. नंतरचे प्रतिस्पर्धी मात्र फार गोड झाले. 2016 च्या सन आणि मूनमधला हाऊ, 2019 च्या सोर्ड आणि शील्डमधला हॉप, 2022 ची नेमोना, हे सगळे आपल्यासमोर कच्चा पडेल असाच प्राणी मुद्दाम घेतात. आपण जिंकलो की आपल्यापेक्षा त्यांनाच आनंद. भाच्याला ते आवडतात. मला विचाराल तर यांच्याशी बांधाला बांध लावून राहता येणार नाही, करमणार नाही.

दीडशेचा कोश माझा अजून अपुरा आहे, आणि एकट्याने तो पुरा होणारही नाही. ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडायचे. आम्हीही बाभळीवरचे सोनकिडे काडेपेटीत ठेवायचो, आणि चुलतभावाचा सोनकिडा नेहमी मोठा निघायचा. ताजिरींनी खेळ काढला तो जोडीने, लाल आणि हिरवा. काही प्राणी एकात, काही दुसऱ्यात, आणि मधे दोन यंत्रं जोडणारी तार. कोश भरायचा तर दुसऱ्याच्या दारात जाऊन मागावंच लागतं. फायररेडची जोडी लीफग्रीन. भाच्याला सांगितलंय, दिवाळीला येशील तेव्हा तो खेळही घेऊन ये. कुणाच्या मोबाइलवर घालायचा ते मी बघतो.

तुमच्या घरात कुणी हा खेळ नव्याने सुरू करणार असेल तर माझी एक विनंती. त्या पोराचं नाव विचारतील तेव्हा गडबड करू नका, रागाच्या भरात काहीतरी खरडू नका. जरा विचार करून चांगलं नाव द्या. एकदा टाकलं की ते शेवटपर्यंत बदलता येत नाही.