साठावा दिवस

एक्सेलच्या लेखी काळ १ जानेवारी १९०० रोजी सुरू झाला. त्या दिवसाचा क्रमांक एक, दुसऱ्याचा दोन, आणि आपली लग्नं, बदल्या, विम्याचे हप्ते सगळं त्याच ओळीत पुढे कुठेतरी. माझा जीव मात्र अडकतो तो साठाव्या दिवसापाशी. एक्सेल त्याला २९ फेब्रुवारी १९०० म्हणतो, आणि असा दिवस उगवलाच नव्हता. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष, आणि १९०० ला तो जात नाही. पण १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रॅमने ते वर्ष लीप धरलं होतं. मागून आलेल्या एक्सेलला लोटसमधले हिशेब जसेच्या तसे उघडायचे होते, म्हणून त्याने हा न झालेला दिवसही पदरात घेतला. आता लोटस बाजारातून गेलं, दिवस राहिला. तो काढावा तर पुढची प्रत्येक तारीख एकेक घर सरकणार. कोण हात लावतो!

आपल्याला याचं फार नवल वाटू नये. आपल्या आधीच्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं किती निघतात! शाळा उघडली की आजोबा पोराला घेऊन यायचे. जन्म कधीचा म्हटलं की, "मोठा पूर आला ना, त्याच्या मागल्या साली." मग हेडमास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत, आणि हात पोचला की टाक दौतीत बुडवून १ जून लिहून टाकत. त्या तारखेवर पोराला नोकरी लागे, बढती मिळे, आणि ३१ मे आला की कचेऱ्याच्या कचेऱ्या निरोपसमारंभात बुडून जात. आईला आठवणारी खरी तिथी पंचांगात राही, पेन्शन मात्र मास्तरांच्या अक्षरावर चाले. या माणसांना आपल्या त्या दुसऱ्या वाढदिवसाचा पुढे पुढे लळाही लागलेला मी पाहिला आहे.

एक्सेलसारखंच कॅल्क बनवणाऱ्या लिब्रेऑफिसवाल्यांना मात्र एक्सेलचा तो खोटा दिवस मानणं पटलं नाही, आणि एक्सेलशी वाकडं घेणंही परवडणारं नव्हतं. त्यांच्या कॅल्कने वाद न घालता आपला शून्यच मागे नेऊन ३० डिसेंबर १८९९ वर ठेवला. त्यामुळे १ मार्च १९०० दोन्हीकडे एकसष्टावा येतो आणि तिथून पुढे एकमत. मतभेद उरतो तो आधीच्या दोन महिन्यांपुरता: ४५ हा आकडा एक्सेलकडे १४ फेब्रुवारी, कॅल्ककडे १३. इतक्या सुबक तडजोडी मी घरांतूनही फार पाहिलेल्या नाहीत.

या सगळ्यात खरी पंचाईत होते ती १९०० च्या आधी जन्मलेल्यांची. लेखकांच्या जन्मतारखा एक्सेलमध्ये भरून पाहाव्यात. कुसुमाग्रज, पु. ल. चौकटीत उजवीकडे बसतात, म्हणजे त्यांची तारीख मानली गेली. फुले, टिळक, खांडेकर डावीकडेच राहतात, नुसती अक्षरं म्हणून. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, आठवड्याभराने हुकलेला! कॅल्कमध्ये त्यांना निदान उणे सहा असा क्रमांक तरी मिळतो. एक्सेलला यादी जन्मक्रमाने लावायला सांगितली, की आकडे आधी आणि अक्षरं नंतर या न्यायाने ही वडीलधारी मंडळी पु. लं.च्याही मागे उभी राहतात. त्यांच्या आपसातही खांडेकर फुल्यांच्या पुढे, कारण दिवस-महिना-वर्ष अशी अंकांत लिहिलेली तारीख अक्षरं म्हणून डावीकडून लागते; दोघेही अकरा तारखेचे आणि जानेवारी एप्रिलच्या आधी. यावर जाणत्यांचा उपाय साधा आहे: वर्ष, महिना आणि दिवस तीन वेगळ्या रकान्यांत नुसते आकडे म्हणून भरायचे आणि त्याच क्रमाने यादी लावायची. मग खांडेकर मुकाट्याने फुले-टिळकांना वाट करून देतात.