गळाला कोण लागलं?

संभाजीनगरातलं कुटुंब रविवारी गळ घेऊन नाथसागराकडे निघालं, की बिडकीन यायच्या आत वडील दोनदा सांगतात, "पोरांनो, आज संयम शिकायचा." पन्नासेक किलोमीटरवर पाणी लागतं; शहरातल्या नळाला अधूनमधून दर्शन देतं तेच. (माशांना ते रोज मिळतं, म्हणून त्यांचा हंडा मोर्चा नसतो.) पण या सहलीतले गुरू वडील नव्हेत, मासा. नाथसागराचं धरण १९७६ साली पुरं झालं, पैठणच्या एकनाथांनी मात्र त्याच्या चारशे वर्षं आधी, १५७३ मध्ये, काशीत एकनाथी भागवत संपवलं. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. हत्ती स्पर्शापायी फसतो, हरीण नादापायी, मासा जिभेपायी. वर खोच अशी की उपाशी राहिलं तर बाकीची इंद्रियं मऊ पडतात, जीभ तेवढी चेकाळते. एकादशीला घरोघरी साबुदाणा किती भिजतो ते पाहिलं, की याला निराळा पुरावा नको.

कुणी म्हणेल, गळ टाकून चार तास बसणं हीच तपश्चर्या नाही का? काठावर एका पायावर उभं राहून मासा पाहणारा प्राणी आपल्या भाषेने कधीच ओळखलाय आणि त्या तपश्चर्येला नाव दिलंय बकध्यान. १९८६ पासून हे पाणी पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तिथे या विषयातले बगळे, पाणकावळे असे जाणकार मुबलक. भोई तर संयमाच्या भानगडीत पडतच नाही. संध्याकाळी जाळं लावतो, घरी जाऊन झोपतो, पहाटे ओढतो.

इथे खरा आक्षेप निघतो. जाळ्यात सापडणाऱ्या माशाने काही खाल्लेलंच नसतं! कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच्या ताटात दुसरा हात घालत नाही (एका गाडीतल्या सहा जणांना हे जमत नाही). तरी तिघेही जातात. मग जिभेचा दोष कुठे? उत्तर सोपं आहे: अवधूत बोलतोय तो राजाशी, रोहूशी नव्हे. राजाच्या जागी काठावर कोण बसलंय ते पाहावं. गळावर कणकेचा इवलासा गोळा, आणि चटईवर धपाटे, दही, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर भज्यांचं पुडकं. पाण्यावरचा थर्माकोलचा तुकडा एकदा बुडतो, दोनदा बुडतो; सगळ्यांचे हात मात्र ठेच्याने माखलेले, आणि दोरी धरायची कुणी यावर वाद.